ताण आठ, उतरण्याची चिन्हे नाहीत

श्वास रोखून धरायच्या वेळी बेल वाजली तर काय करायचं, एवढंच मी विचारलं होतं. माझ्या मते प्रश्न साधा आणि कामाचा होता. आमच्या वॉर्डात चाळीस खाटा आहेत आणि प्रत्येक खाटेला बेल. ताण कसा कमी करावा यावर व्याख्यान द्यायला आलेल्या, व्यासपीठावरच्या मॅडम सांगत होत्या की चार मोजत श्वास आत, सात मोजत रोखायचा, आठ मोजत सोडायचा. म्हणजे एकोणीस आकडे झाले. आमच्या वॉर्डात एकोणीस आकडे मोजून होईपर्यंत बेल वाजली नाही असं कधी घडलेलं मला आठवत नाही. म्हणून विचारलं. सभागृह हसलं, मॅडमही हसल्या, आणि पहिल्या रांगेतल्या मेट्रननी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मेट्रननी मान वळवली की कुणाचं तरी काहीतरी होतं, हे आम्हा सगळ्या नर्सेसना माहीत आहे. त्या दिवशी ते माझं झालं.

"यांना विषयात रस दिसतो," मेट्रन म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर कागद लागला. कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी प्रत्येकाने दर पाळीत तीनदा स्वतःचा ताण शून्य ते दहा या आकड्यांत नोंदवायचा. सलग तीन नोंदी सातच्या वर गेल्या तर ताण-समन्वयकाला कळवायचं. खाली ताण-समन्वयक म्हणून माझं नाव होतं, आणि पुढे कंसात 'स्वेच्छेने'.

महिनाअखेरीला तपासणी पथक येणार होतं. त्यांच्या यादीत 'कर्मचाऱ्यांच्या ताणासाठी काय केले' असा एक प्रश्न होता, आणि तोवर आम्ही ताणासाठी जे केलं होतं ते म्हणजे ताण घेणं. नवे कागद छापायला वेळ नव्हता. म्हणून रुग्णांच्या ताप-नाडीच्या तक्त्यांचा शिल्लक गठ्ठा काढून त्यावर 'रुग्णाचे नाव' खोडून 'कर्मचाऱ्याचे नाव' असा शिक्का मारला. बाकीचे रकाने तसेच राहिले. त्यामुळे पहिल्या आठवड्यात निम्म्या जणींनी ताणाबरोबर स्वतःची लघवी किती झाली तेही इमानदारीने लिहिलं.

मी नाही म्हणू शकले असते. तसं नवरा म्हणालाच, "नाही म्हणायचंस ना सरळ." त्याला सरळ नाही म्हणण्याचा अनुभव दांडगा, कारण तो ते फक्त मला म्हणतो. पण नाही म्हणण्यासारखी परिस्थिती नव्हती. लसीकरणाच्या खोलीतली एक जागा महिनाअखेरीला रिकामी होणार होती. सकाळी आठ ते दुपारी साडेतीन, रोज तेच, रात्रपाळी नाही, दुपारपाळी नाही. ही जागा कुणाला द्यायची ते मेट्रन ठरवणार होत्या, आणि 'जबाबदारी घेण्याची तयारी' बघून ठरवणार होत्या.

ती जागा मला हवी होती. नुसती हवी होती असं नाही, त्या जागेवर डोळा ठेवूनच मी सहा महिने दिवस ढकलत होते. आमची चिमणी साडेतीन वर्षांची आहे. ती आई-आई खेळते. इतर मुलींच्या आई-आई खेळात आई स्वयंपाक करते, बाहुलीला जोजवते, रागावते. आमच्या चिमणीच्या खेळात ती माझी जुनी पर्स खांद्याला लावते, "उशीर झाला, उशीर झाला" म्हणते, दाराबाहेर जाते आणि दार लावून घेते. खेळ संपला. एकदा मी विचारलं, "मग आई परत येऊन काय करते?" ती खांद्यावरची पर्स न काढताच म्हणाली, "झोपते."

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

तर मी समन्वयक झाले. पहिल्या आठवड्याचे सेहेचाळीस तक्ते गोळा केले आणि चहा घेऊन वाचायला बसले. सेहेचाळीस जणांचा ताण तीन होता. सकाळी तीन, दुपारी तीन, रात्री तीन. ज्या दिवशी वॉर्डात एकाच वेळी दोन रुग्ण गंभीर झाले, लिफ्ट बंद पडली आणि एका नातेवाइकाने औषधांची ट्रॉली उलटवली, त्या दिवशीही तीन.

हे तीन म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. रुग्णाचा ताप थर्मामीटरने कळतो, रक्तदाब यंत्राने. श्वास मात्र घड्याळ धरून, छातीकडे बघत, पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. चाळीस रुग्ण म्हणजे चाळीस मिनिटं, आणि तीही दिवसातून चार वेळा. तेव्हा आम्ही छातीकडे एक नजर टाकतो, आणि माणूस बरा दिसला तर अठरा लिहितो. कुठल्याही वॉर्डाचे जुने तक्ते काढून बघा, सारी माणसं अठराच्या तालावर श्वास घेताना दिसतील. कुणी फारच धापा टाकत असेल तर आम्ही मोजतो, हे आमच्या बाजूने नोंदवून ठेवते. तर रुग्णाच्या श्वासाला जसे अठरा, तसे आमच्या ताणाला तीन. शून्य लिहिलं तर कामच नाही असं वाटेल. पाच लिहिलं तर कुणीतरी विचारायला येईल. तीन लिहिलं की कुणी येत नाही.

मेट्रननी गठ्ठा चाळला आणि चष्मा काढला. "पथकातली माणसं खुळी नाहीत. यात जरा वरखाली हवं. कुणाचा तरी ताण वाढलेला हवा, मग आपण उपाय केले, मग तो उतरला. असं एखादं तरी उदाहरण दाखवा."

मी वॉर्डात विचारून पाहिलं. "कुणी आठ लिहील का? फक्त एक आठवडा."

"आणि ते माझ्या फाइलला लागणार?" एकीने विचारलं.

"लागेल बहुतेक."

"मग तूच लिही की. समन्वयक कोण आहे?"

गार सिस्टरकडे तर मी गेलेच नाही. त्या आमच्यात सर्वांत ज्येष्ठ. आवाज गार, हात गार, चाल गार. एकदा छताचा गिलावा त्यांच्या टेबलावर कोसळला तेव्हा त्यांनी फक्त चहाचा कप बाजूला सरकवला होता. त्यांना आठ लिहा म्हणणं म्हणजे फ्रीजला घाम यायला सांगण्यासारखं होतं.

मग मी ठरवलं की उदाहरण आपणच व्हायचं. तसा माझा खरा आकडा आठच होता. खोटं काहीच करायचं नव्हतं. पहिला आठवडा खरेखुरे आठ लिहायचे, मग श्वासाचा व्यायाम करायचा, ताण उतरवायचा, उतरता आकडा लिहायचा, आणि महिनाअखेरीला एक सुबक उतरती रेघ पथकासमोर ठेवायची. मेट्रन खूश, जागा माझी, शिवाय ताण उतरलेला, तो वर. इतकी निर्दोष योजना मी आयुष्यात दुसरी केलेली नाही, आणि हेच तिच्याविरुद्ध जायला पुरेसं होतं.

घरी कळल्यावर सगळेच मदतीला धावले. नवऱ्याने माझ्या फोनवर एक अॅप घातलं. ते दर तासाला मंद घंटा वाजवून बाईच्या आवाजात म्हणायचं, "आता तुम्हाला कसं वाटतंय?" पहिल्या दिवशी ती घंटा वाजली तेव्हा मी एका आजोबांच्या शिरेत सुई घालत होते. आजोबांना वाटलं प्रश्न त्यांना आहे. ते म्हणाले, "कसं वाटणार बाई, तिसऱ्यांदा टोचताय."

शेजारचे काका निवृत्त कंपाउंडर. जिन्यात गाठून म्हणाले, "सूनबाई, ताण हा पोटात असतो. तुम्ही डोक्यात शोधताय."

"पोटात कुठे, काका?"

"ते माणसागणिक बदलतं. आमच्या डॉक्टरांचा उजवीकडे होता."

सासूबाई म्हणाल्या, "ताण काय तो वजनकाट्यावर घालून मोजतात का आता? आम्ही तीन मुलं वाढवली, दोन घरं बदलली, आम्हाला कुणी आकडा विचारला नाही."

"विचारला असता तर किती सांगितला असता, आई?"

त्यांनी निवडून झालेली भाजी पुन्हा निवडायला घेतली. मग म्हणाल्या, "जाऊ दे."

आकडा काही उतरेना. उलट, ताण उतरत नाही याचा एक वेगळाच ताण सुरू झाला, आणि त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. मी बसथांब्यावर श्वास मोजला, अंघोळ करताना मोजला, चिमणीला थोपटताना मोजला. ती म्हणाली, "आई, फुसफुस नको करू." सलग तीन नोंदी आठ झाल्या. मग अशाच सहा झाल्या, त्यात मधूनमधून नऊच्याही. नियमाप्रमाणे समन्वयकाला कळवायचं होतं. मी मेट्रनकडे गेले.

"समन्वयक मीच आहे मॅडम. कळवू कुणाला?"

त्यांनी नियमावली उघडली. "सातच्या वर गेल्यास समन्वयकाने संबंधित कर्मचाऱ्याशी दहा मिनिटे एकांतात बोलावे." त्यांनी वाचून मान वर केली. "मग बोला."

"स्वतःशी?"

"एकांतात. आणि तशी नोंद करा."

आता रुग्णालयात एकांत म्हटलं की चादरींची खोली. दुपारी दोनला, जेवणं उरकल्यावर, मी तिथे गेले, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसले आणि दार लोटलं. स्वतःशी काय बोलावं हे सुचेना. चांगली ओळख नसलेल्या माणसाशी बोलताना होतं तसं अवघडल्यासारखं झालं. म्हटलं, आधी व्यायाम करू. भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले, चार मोजत श्वास घेतला आणि रोखला. खरं सांगते, पाचपर्यंत मला बरं वाटत होतं. महिन्यातलं ते पहिलं बरं वाटणं.

सहाला मावशींनी दार उघडलं.

मावशी आमच्या वॉर्डात बावीस वर्षं आहेत. श्वास बंद असलेलं माणूस त्यांनी पुष्कळदा बघितलंय आणि अशा वेळी काय करायचं हे त्यांना पाठ आहे. "सिस्टर, ओ सिस्टर," म्हणत त्यांनी माझ्या दोन्ही गालांवर फटाफट मारलं. मी दचकून गठ्ठ्यावरून खाली घसरले. माणूस घसरलं, म्हणजे शुद्ध गेली. त्यांनी हाक मारली आणि अर्ध्या मिनिटात सहा जणी हजर.

एरवी मी बोलावते तेव्हा एक येत नाही. पण आमच्या लोकांचं असं आहे की जमिनीवर आडवं माणूस दिसलं की आधी हात चालतात. एकीने माझे पाय उंच धरले. एकीने दंडाला पट्टा आवळला. एकीने बोट टोचून साखर बघितली. "मी ठीक आहे," असं मी म्हणेपर्यंत तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसला होता, आणि मास्कमधून 'मी ठीक आहे' हे 'मी मरतेय' यासारखंच ऐकू येतं. मी तो काढायला गेले तर दोघींनी माझे हात धरले. "घाबरलीय," एक म्हणाली. "गोंधळलीय, लिहून घे," दुसरी म्हणाली.

रक्तदाब एकशे साठ निघाला. सहा जणी अंगावर बसल्यावर कुणाचाही निघेल.

मला उचलून तपासणीच्या खोलीत नेलं आणि डॉक्टर आले. तरुण मुलगा, डोळे लाल, शर्टाच्या खिशाला शाई गळलेली. त्याने केसपेपर काढला. "शुद्ध किती वेळ गेली होती?"

"गेली नव्हती. मी शांत होत होते."

त्याने लिहिलं, 'रुग्णाला घटनेचे आकलन नाही.' मग विचारलं, "झोप किती तास होते?"

"पाच. तुकड्यातुकड्यांत."

"पाच," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जो हेवा होता तो मी अजून विसरलेले नाही. त्याने टेबलावर कोपर टेकलं, हनुवटी तळहातावर ठेवली, आणि पुढचा प्रश्न येईना. मी दोन मिनिटं थांबले. मग त्याच्या हाताखालून माझा केसपेपर हळूच ओढून घेतला आणि पाय न वाजवता बाहेर आले. त्या खोलीत समन्वयक म्हणून केलेलं माझं तेवढंच एक उपयोगी काम.

पण केसपेपर निघाला होता. आणि केसपेपर निघालेल्या नर्सला तंदुरुस्तीचा दाखला मिळेपर्यंत एकटीने औषधं देता येत नाहीत. दाखल्यासाठी अर्ज नेला तर कारकून म्हणाला, "ताणाचा विषय आहे. ताण-समन्वयकांची शिफारस जोडा."

"मीच आहे समन्वयक."

"मग सोपं आहे. जोडा."

"पण मीच अर्जदार आहे."

त्याने पेन खाली ठेवलं. "स्वतःची शिफारस स्वतःला नाही देता येणार हो. दुसरे समन्वयक आणा."

"दुसरे नाहीत."

"मग नेमून घ्या." दुसरा समन्वयक नेमायचा तर पहिल्याचा प्रस्ताव लागतो, आणि पहिला समन्वयक तंदुरुस्त असावा लागतो, असं त्याने मला नकाशा काढून दाखवलं. अकरा दिवस मी वॉर्डात दुसऱ्या सिस्टरच्या देखरेखीखाली औषधं देत होते. देखरेखीला होती ती माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी. ती रोज म्हणायची, "सॉरी हं सिस्टर," आणि गोळ्या पुन्हा मोजायची. मी तक्त्यात आठ लिहायचे. उतरण्याची चिन्हे नाहीत.

तपासणी पथक आलं तेव्हा उतरती रेघ नव्हतीच. होतं ते असं: सेहेचाळीस जणांच्या सेहेचाळीस सरळ रेघा, आणि माझा एक तक्ता, करवतीच्या दात्यांसारखा. मी तो गठ्ठ्याच्या तळाशी घातला होता. पथकाच्या बाईंनी तोच उपसून काढला. पाच मिनिटं बघितला. माझ्या पोटात, बहुधा उजवीकडे, काहीतरी हललं.

"या संपूर्ण रुग्णालयात," त्या म्हणाल्या, "हा एकच कागद खरा आहे."

पुढचा अर्धा तास मला स्वप्नासारखा आठवतो. त्यांनी माझ्या केसपेपरची प्रत मागितली. चादरींच्या खोलीतला प्रसंग दोनदा सांगायला लावला. 'स्वतःचा ताण प्रामाणिकपणे नोंदवणारी समन्वयक' असं अहवालात लिहिलं. मेट्रनच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू बघितलं. दाखलाही त्याच दिवशी मिळाला, शिफारशीशिवाय. घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की जागा मिळाल्यात जमा आहे. नवरा उत्साही माणूस. तो दुसऱ्याच दिवशी चिमणीच्या बालवाडीत जाऊन एक तारखेपासूनचा फॉर्म भरून आला. 'मुलास नेण्यास कोण येणार' या ओळीत त्याने मोठ्या अक्षरांत 'आई' लिहिलं, आणि चिमणीला तसं सांगूनही टाकलं.

शनिवारी मेट्रननी बोलावलं. खुर्चीवर बसायला सांगितलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"तुमचं काम अव्वल झालं. पथकाने पद कायम करायला सांगितलंय. समन्वयक तुम्हीच."

"आणि लसीकरण, मॅडम?"

"समन्वयकाला तिन्ही पाळ्यांतल्या लोकांचा ताण कळायला हवा ना? मग तिन्ही पाळ्या कराव्या लागतील. आणि दुसरं," त्यांनी माझा तक्ता पुढे ओढला, "तिथे लहान मुलं येतात. टोचताना हात स्थिर हवा. तुम्हीच लिहिलंय बघा, आठ, नऊ, आठ. तिथे आपण शांत माणूस दिलंय."

शांत माणूस म्हणजे गार सिस्टर.

कपडे बदलायच्या खोलीत त्या बाकावर बसल्या होत्या. मोजे काढून ठेवले होते. सुजलेल्या घोट्यांवर मोज्याच्या कडा खोल उमटल्या होत्या.

"तुला राग आला असेल," त्या म्हणाल्या.

"नाही हो."

"किती आहे आज?"

"आठ."

"माझं नऊ असतं." चहात साखर किती हे सांगावं तशा आवाजात त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली. पाळीवर यायच्या आधी घरी नळ सोडून बसते दहा मिनिटं, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून."

"मग तुम्ही तीन का लिहायचात?"

"अगं, रुग्णाचा ताप लिहितो तो औषध द्यायला. जिथे औषधच नाही तिथे लिहून काय करू?" त्यांनी मोजे घडी करून पिशवीत ठेवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझी मुलगी लहान आहे. मी नाही म्हणून सांगू का मेट्रनला? माझी दोनच वर्षं राहिलीत. काढीन कशीही."

हो म्हणायला मला श्वासही घ्यावा लागला नसता. मी त्यांच्या घोट्यांकडे बघितलं आणि तोंडातून निघालं, "नको. तुम्हीच घ्या." हे मी मोठ्या मनाने म्हटलं असं कुणी समजू नये. जिना उतरेपर्यंत तीनदा मागे फिरावंसं वाटलं. फाटकापाशी तर मी थांबलेही होते. तेवढ्यात फोनमधली बाई म्हणाली, "आता तुम्हाला कसं वाटतंय?" आणि मी पुढे चालू लागले.

सोमवारी, दुपारपाळीच्या आधी, मी बालवाडीत गेले. बालवाडीच्या बाईंनी फाइल काढली.

"बदल करायचाय? आत्ताच तर भरून गेले तुमचे मिस्टर. चिमणी सगळ्यांना सांगत होती, आता आई येणार न्यायला."

"हो. तेवढं जरा खोडायचंय."

मी 'आई'वर रेघ मारली आणि वर 'आजी' लिहिलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. "किती शांत आहात तुम्ही. या टेबलाशी बऱ्याच आया रडतात हो. दवाखान्यात काम करता ना, सवय असते."

"हो," मी म्हटलं. "त्याचं प्रशिक्षण असतं."

"आणि खाली कारण लिहा. एकच ओळ आहे, थोडक्यात लिहा."

आतून मुलांचा गलका येत होता. त्यात चिमणीचा आवाज कोणता ते मला ओळखता येत होतं, म्हणून मी घाईने लिहिलं, 'आईच्या कामाची कदर झाली', आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

बाईंनी वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा," त्या म्हणाल्या, "अभिनंदन," आणि त्यावर शिक्का मारला.